थांबायची अट लिहायलाच हवी

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, उपनगरांतल्या कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये आणि खासगी क्लासेसमध्ये एक मत हल्ली फार आत्मविश्वासानं मांडलं जातं. बॅश असो, पायथन असो की पीएचपी, स्क्रिप्टिंगच्या कोर्समधून ‘व्हाईल’ आणि ‘अनटिल’ हे अटीवर चालणारे लूप काढून टाकावेत, निदान परीक्षेपुरते उरकावेत, असं ते मत. त्यासाठी तीन कारणं दिली जातात. पहिलं, हे लूप धोकादायक आहेत. अट चुकली की प्रोग्राम थांबतच नाही. दुसरं, त्यांची गरज उरलेली नाही. यादीवर फिरणारा ‘फॉर’ आणि तयार लायब्ररी यांत सगळं भागतं. तिसरं, कोड आता एआय लिहून देतं, मग मुलांनी अटी जुळवत का बसावं?

असं म्हणणारे लोक अननुभवी नाहीत. त्यांतले काही माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातले आहेत आणि त्यांची मुलांविषयीची कळकळ मला माहीत आहे. त्यांच्या तिन्ही कारणांत थोडंथोडं तथ्यही आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. तो अमलात आला तर नुकसान होईल ते उद्या रात्रपाळीत एकट्यानं बसून दुसऱ्याची स्क्रिप्ट दुरुस्त करणाऱ्या मुलामुलींचं. म्हणून हा प्रतिवाद.

आधी मुद्दा नेमका करू. पुनरावृत्ती दोन प्रकारची असते. वर्गातल्या साठ मुलांच्या मार्कांची बेरीज करायची असेल तर फेऱ्या किती होणार हे सुरुवातीलाच ठरलेलं असतं. तिथे ‘फॉर’ वापरावा. त्याबद्दल माझा कुणाशी वाद नाही. आता विहार तलाव घ्या. १८६० साली बांधून झालेला हा तलाव ८०.१२ मीटरची पातळी गाठली की भरून वाहू लागतो आणि ते पाणी मिठी नदीत उतरतं. दर तासाला पातळी वाचायची, नोंदवायची आणि तलाव भरला की सूचना पाठवायची, अशी स्क्रिप्ट लिहायची आहे. तिला किती फेऱ्या लागतील हे १ जूनला कोण सांगू शकेल? फेऱ्यांची संख्या पावसाच्या हातात आहे. लिहिणाऱ्याच्या हातात आहे ती फक्त अट: पातळी ८०.१२ मीटरच्या खाली आहे तोवर वाचत राहा.

वादाचा गाभा इथे आहे. मोजून करायच्या कामात लिहिणारा संख्या सांगतो. न मोजता येणाऱ्या कामात त्याला याहून अवघड गोष्ट सांगावी लागते: काम पूर्ण झालं हे ओळखायचं कसं. अटीचा लूप म्हणजे या प्रश्नाचं लेखी उत्तर. तो शिकवणं टाळलं तर प्रश्न नाहीसा होत नाही. उत्तर न देता पुढे जायची सवय मात्र लागते.

आता पहिलं कारण, धोक्याचं. त्यासाठी बहुतेक वेळा झूनचं उदाहरण दिलं जातं. मायक्रोसॉफ्टचा झून हा गाणी ऐकायचा प्लेअर. ३१ डिसेंबर २००८ रोजी त्याचे ३० जीबीचे सेट ठिकठिकाणी एकाच दिवशी बंद पडले. कारण होतं एक व्हाईल लूप. ‘बघा,’ असं सांगितलं जातं, ‘एका व्हाईलनं काय केलं ते.’

पण त्या लूपमध्ये नेमकं काय चुकलं होतं, ते पाहण्याची तसदी हे उदाहरण देणारे घेत नाहीत. १९८० सालापासून मोजलेल्या दिवसांच्या संख्येवरून आजचं वर्ष काढायचं, एवढंच काम होतं. अट अशी: उरलेले दिवस ३६५पेक्षा जास्त आहेत तोवर फिरत राहा. आत गेल्यावर साधं वर्ष असेल तर ३६५ दिवस वजा करायचे आणि वर्ष एकानं वाढवायचं. लीप वर्ष असेल तर उरलेले दिवस ३६६पेक्षा जास्त आहेत का हे पाहायचं आणि असतील तरच ३६६ वजा करायचे. २००८ लीप वर्ष होतं. त्याच्या शेवटच्या दिवशी उरलेले दिवस बरोबर ३६६. बाहेरची अट म्हणते, ३६५पेक्षा जास्त आहेत, आत ये. आतली अट म्हणते, ३६६पेक्षा जास्त नाहीत, काही करू नकोस. काहीच बदललं नाही, म्हणून पुढची फेरीही तशीच, आणि त्यापुढचीही. बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला दुपारनंतर प्लेअर पुन्हा सुरू करा, एवढाच सल्ला ग्राहकांना देता आला.

म्हणजे चूक व्हाईल वापरण्यात नव्हती. प्रत्येक फेरीत काहीतरी कमी झालंच पाहिजे, हा नियम तपासला गेला नाही, ही ती चूक. हा नियम नवा नाही. रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ सालच्या निबंधात तो स्पष्ट मांडला होता: लूप थांबेल हे सिद्ध करायचं असेल तर अशी एक राशी दाखवा जी प्रत्येक फेरीत घटते आणि जिला कायम घटत राहता येत नाही. झूनच्या लूपमध्ये ती राशी म्हणजे उरलेले दिवस. प्रत्येक वाटेनं जाताना ते घटतात का, एवढा एक प्रश्न विचारला असता तर लीप वर्षाची वाट तत्काळ उघडी पडली असती. ज्यांना हा प्रश्न विचारायला शिकवलेलं नाही, त्यांच्या हातून असे लूप यापुढेही लिहिले जातील. धोका आहे म्हणून शिकवू नका, हे म्हणणं उलटं आहे. धोका आहे म्हणूनच शिकवायला हवं.

यासाठी महाराष्ट्रातल्या शिक्षकाला उदाहरण शोधायला लांब जायला नको. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. अंधेरी-बोरिवलीतून जाणारी पश्चिम रेल्वेच पुढे त्यांच्या गावाला पोचते. फर्ग्युसन कॉलेजात शिकून त्यांनी १९३० ते १९६२ देवळालीत शाळेत शिकवलं. विद्यापीठातलं पद नसताना संख्यांवर एवढं काम केलं की मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून जगाला त्यांची ओळख करून दिली. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ या संख्येचा. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. तिचे अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं लावा, मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर हेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येते, आणि एकदा आली की तीच येत राहते.

३५२४ घ्या. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तीन फेऱ्या झाल्या. ६२०० घेतली तर एकाच फेरीत काम होतं. २००५ घेतली तर ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४, अशा पूर्ण सात फेऱ्या लागतात. किती फेऱ्या लागतील हे संख्येकडे पाहून सांगता येत नाही. करूनच पाहावं लागतं. ‘६१७४ येईतोवर’ ही अट कापरेकरांच्या कृतीतच आहे.

ही कृती मुलांना बॅशमध्ये लिहायला द्या आणि काय होतं ते पाहा. कुणीतरी ११११ टाकतं. वजाबाकी शून्य येते, शून्यातून पुन्हा शून्य, आणि पडदा ढिम्म. ‘सगळे अंक सारखे नसावेत’ ही कापरेकरांनी घातलेली मर्यादा कशासाठी होती, ते त्या क्षणी कळतं; पाठ करून ते कधी कळलं नसतं. मग कुणीतरी २१११ टाकतं. इथे सगळे अंक सारखे नाहीत, मर्यादा पाळलेली आहे, तरी लूप अडकतो. का? २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. हे उत्तर तीन अंकी धरलं की ९९९ वजा ९९९ शून्य. ते ०९९९ असं चार अंकांत लिहायला हवं होतं. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१ येतं आणि गाडी मार्गी लागते. अट बरोबर होती. लूपच्या पोटातलं काम अटीकडे नेत नव्हतं.

अजून एक खाच उरते. बॅशमध्ये शून्यानं सुरू होणारी संख्या आठच्या पायावरची मानली जाते. त्यामुळे ६२०० मधून ००२६ वजा करायला सांगितलं की बॅश ००२६ला २२ समजतं आणि एकाही शब्दाची तक्रार न करता ६१७८ हे चुकीचं उत्तर देतं. ०३७८ आलं की मात्र ते अडतं, कारण आठच्या पायात ८ हा अंकच नसतो. संख्येचा पाया दहा आहे असं स्पष्ट लिहिलं की दोन्ही अडचणी सुटतात. एका छोट्या लूपमधून मुलाला इनपुट तपासणं, पोटातलं काम तपासणं आणि भाषेचे नियम तपासणं, असे तीन धडे मिळतात. हे तिन्ही धडे देणारं दुसरं कोणतं उदाहरण एवढ्या थोड्या ओळींत बसतं, ते विरोधकांनी दाखवावं.

आता दुसरं कारण: ‘फॉर’मध्ये सगळं होतं. हे विधान आहे त्या स्वरूपात खोटं आहे, आणि ते खोटं असल्याची सिद्धता १९६७ सालापासून उपलब्ध आहे. अल्बर्ट मेयर आणि डेनिस रिची यांनी त्या वर्षी अशा प्रोग्रामांचा अभ्यास मांडला ज्यांत फेऱ्यांची संख्या लूपमध्ये शिरतानाच पक्की होते. हेच रिची पुढे सी भाषेचे जनक झाले. असे प्रोग्राम नेहमी थांबतात, हा त्यांचा मोठा गुण. पण संगणकाला करता येण्यासारखी सगळी कामं त्यांना करता येत नाहीत. विल्हेल्म आकरमान यांनी १९२८ साली मांडलेलं फलन हे त्यांच्या आवाक्याबाहेरचं प्रसिद्ध उदाहरण. तिथे पोचायचं तर अटीचा लूप किंवा त्याच्या तोडीचं काहीतरी लागतंच.

यावर मला उत्तर मिळेल की अंधेरीच्या ऑफिसात आकरमानचं फलन कुणी काढत नाही. मान्य. मग ऑफिसातलंच बोलू. १९७३ साली अंधेरी पूर्वेला सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभं राहिलं आणि पुढे त्या परिसरात सॉफ्टवेअरचा मोठा व्यवसाय वाढला. अशा ठिकाणी रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टचं काम काय असतं? समोरच्या संस्थेकडून फाइल येईतोवर थांबणं. सर्व्हर उत्तर देईतोवर पुन्हा विचारणं. ‘पुढचं पान’ शिल्लक आहे तोवर एकेक पान मागवणं. वापरणारा योग्य पर्याय निवडेतोवर मेनू दाखवणं. या चारांपैकी एकाही कामात फेऱ्यांची संख्या लिहिणाऱ्याला माहीत नसते.

ही गरज जुनी आहे आणि ती या उपनगरांनी अनुभवलेली आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात जुहूचं एनसीएसटी हे सॉफ्टवेअर संशोधन केंद्र आणि पवईचं आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ईमेल सुरू झालं. भारतातल्या संगणक जाळ्याच्या अगदी पहिल्या दुव्यांपैकी तो एक. त्या काळच्या यूयूसीपी पद्धतीत फोन लागला नाही तर पत्र रांगेत थांबतं आणि काही वेळानं पुन्हा फोन लावला जातो. लाइन कितव्या प्रयत्नात लागेल, हे जुहूत बसून कुणालाही सांगता येणं शक्य नव्हतं. ‘लागेपर्यंत’ ही अट तिथे सोयीची म्हणून आली नाही. दुसरा मार्गच नव्हता.

यावर एक चलाख उत्तर असतं: ‘फॉर’ला हजार फेऱ्या द्या आणि काम झालं की ‘ब्रेक’नं बाहेर पडा. असं लिहिता येतं, चालतंही. पण यात अट नाहीशी झालेली नाही, ती लूपच्या दारातून उचलून पोटात कुठेतरी टाकलेली आहे. वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत हजार दिसतो, आणि तो आकडा निव्वळ अंदाजानं घातलेला असतो. खरी अट पंचवीस ओळी खाली सापडते, तीही सापडली तर. शिवाय हजार फेऱ्या संपून बाहेर पडलो की काम होऊन बाहेर पडलो, हे तपासायचं बहुतेक जण विसरतात आणि स्क्रिप्ट अर्धवट कामावर पुढे जाते. पायथनचा ‘फॉर’ही आतून अटीवरच चालतो: यादी पुढचा घटक द्यायला नकार देईपर्यंत तो मागत राहतो. अट तिथेही आहे. ती भाषा लिहिणाऱ्यांनी आपल्यासाठी लिहून ठेवली आहे. त्यांना ती लिहिता आली, कारण त्यांना कुणीतरी ती लिहायला शिकवलं होतं.

प्रयत्नांना वरची मर्यादा हवी, हा विरोधकांचा आग्रह मात्र मला पूर्ण पटतो. विहार तलावाचंच बघा. एखाद्या वर्षी तो भरलाच नाही तर? ‘भरेपर्यंत’ एवढीच अट असेल तर स्क्रिप्ट दिवाळीनंतरही पातळी वाचत बसेल. म्हणून अट जोडून लिहायची: पातळी ८०.१२ मीटरच्या खाली आहे आणि ३० सप्टेंबर उलटलेला नाही, तोवर. आणि बाहेर पडल्यावर लगेच विचारायचं की या दोनांपैकी कोणती गोष्ट खोटी ठरली. तलाव भरला असेल तर सूचना, मुदत संपली असेल तर वेगळी सूचना. व्हाईलची ताकद अशी की मध्येच ‘ब्रेक’ नसेल, तर तो संपला म्हणजे त्याची अट खोटी झाली, हे आपल्याला खात्रीनं माहीत असतं, आणि पुढचं सगळं त्या खात्रीवर उभं करता येतं. मर्यादा घालायला शिकवा, हे म्हणणं रास्त आहे. पण ती मर्यादा हासुद्धा अटीचाच भाग आहे, आणि अट शिकवल्याशिवाय ती शिकवता येत नाही.

इथे मला विरोधकांची एक तक्रार मान्य करायची आहे, कारण तिच्यात या सगळ्या मताचं मूळ आहे. आपल्याकडे व्हाईल शिकवला जातो तो वाईट शिकवला जातो. बारावीच्या आयटी विषयात जावास्क्रिप्ट आणि पीएचपी या दोन्ही स्क्रिप्टिंगच्या भाषा आहेत. कॉलेजात पुढे पायथन येतं, लिनक्स येतं. आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये व्हाईलखाली बहुतेक वेळा असतं काय? एक ते दहा अंक छापा. पाचचा पाढा छापा. पहिल्या शंभर संख्यांची बेरीज करा. या सगळ्यांत फेऱ्यांची संख्या आधीच माहीत आहे! ही ‘फॉर’ची कामं आहेत. ती व्हाईलनं करायला लावली की मुलाला सुरुवातीला आकडा ठरवा, अट लिहा, शेवटी आकडा एकानं वाढवा, अशा तीन जागा सांभाळाव्या लागतात. शेवटची ओळ विसरली की प्रोग्राम अडकतो आणि मूल ठरवतं की व्हाईल ही ‘फॉर’ची अवघड आणि खोडकर आवृत्ती आहे. चुकीची उदाहरणं देऊन आपण एक साधन बदनाम केलं आणि आता त्या बदनामीचा आधार घेऊन ते काढून टाकायला निघालो आहोत.

बॅशमध्ये तर हे नुकसान दुप्पट होतं. सी शिकून आलेल्या मुलाला वाटतं की व्हाईलपुढचा चौकोनी कंस हे विरामचिन्ह आहे. बॅशमध्ये तो एक कमांड आहे. व्हाईलपुढे कोणतीही कमांड देता येते. ती यशस्वी झाली, म्हणजे तिनं शून्य परत दिलं, की अट खरी. ही एक गोष्ट समजली की पुष्कळ कोडी आपोआप उलगडतात. कंसाला लागून पुढचा शब्द लिहिला की ‘अशी कमांड सापडत नाही’ असा संदेश का येतो? कारण दोन्ही मिळून एका भलत्याच कमांडचं नाव तयार होतं. संख्या दहापेक्षा मोठी आहे का, हे साध्या कंसात गणितातल्या मोठेपणाच्या चिन्हानं विचारलं तर लूप का थांबत नाही? कारण शेलमध्ये ते चिन्ह म्हणजे ‘उत्तर या फाइलमध्ये टाक’. तुलना होतच नाही, अट कायम खरी राहते, आणि फोल्डरमध्ये ‘१०’ नावाची एक रिकामी फाइल तयार झालेली सापडते. ती फाइल ज्या मुलानं स्वतः शोधून काढली, तो ही चूक जन्मात करणार नाही.

आणि फाइल ओळ-ओळ वाचणं, हे तर शेलमधलं रोजचं काम. ‘ओळ वाचता येते तोवर’ ही त्याची अट. तिथे एक दोष दडलेला आहे आणि त्याची किंमत माणसं मोजतात. यादीच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलेला नसेल तर वाचणारी कमांड ती ओळ हातात घेते, पण फाइल संपली म्हणून अपयश कळवते. अट खोटी झाली, लूप बाहेर पडला, शेवटची ओळ वाचूनही वापरली गेली नाही. ती यादी शिष्यवृत्तीची असेल तर शेवटच्या मुलीचं नाव गळालं. कोणताही संदेश येत नाही, प्रोग्राम हँग होत नाही, सगळं ठीक दिसतं. यावरचा उपाय अटीतच आहे: ओळ वाचता आली, किंवा वाचता आली नाही तरी हातात काही उरलं आहे, तोवर चालू ठेव. अनंत फिरणाऱ्या लूपला सगळे घाबरतात, पण तो निदान दिसतो. एक फेरी आधी थांबलेला लूप दिसत नाही. तो पकडायचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे अट वाचता येणं.

उरलं तिसरं कारण, एआय. साधनं वापरू नयेत असं मी म्हणत नाही. पण ‘फाइल आली की पुढचं काम सुरू कर’ एवढं सांगून मिळालेल्या स्क्रिप्टचं काय करायचं, ते बघू. फाइल आली म्हणजे काय? तिचं नाव फोल्डरमध्ये दिसू लागलं म्हणजे आली का? मोठी फाइल कॉपी होत असताना नाव आधी दिसतं, मजकूर नंतर पूर्ण होतो. नुसत्या नावाची अट लावली तर अर्धी फाइल उचलली जाईल. म्हणून पाठवणाऱ्याकडून काम संपल्याची वेगळी छोटी फाइल मागतात, किंवा फाइल आधी दुसऱ्या नावानं उतरवून पूर्ण झाल्यावर खरं नाव देतात. किती वाजेपर्यंत वाट पाहायची? सुट्टीच्या दिवशी फाइल येतच नसेल तर? यांची उत्तरं त्या ऑफिसच्या कामकाजात आहेत. ती ज्याला माहीत आहेत त्यानं सांगितली नाहीत तर यंत्र अंदाज करील. आणि सांगण्यासाठी हे प्रश्न आधी सुचायला हवेत. ते सुचतात अट लिहायची सवय असलेल्याला.

दुसरी बाजूही आहे. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ साली सिद्ध केलं की कोणताही प्रोग्राम दिला तरी तो थांबेल की नाही हे अचूक सांगणारी एक सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही. एखाद्या विशिष्ट लूपबद्दल मात्र आपण युक्तिवाद करू शकतो: ही राशी घटते, शून्याखाली जात नाही, म्हणून हा थांबतो. युक्लिडची मसावि काढायची रीत अशीच थांबते, कारण बाकी प्रत्येक फेरीत लहान होते. काही लूपांबाबत असा युक्तिवाद अजून कुणालाच सापडलेला नाही. संख्या सम असेल तर अर्धी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, एक येईपर्यंत करत राहा. कोलात्झ यांच्या नावानं ओळखला जाणारा हा चार ओळींचा लूप प्रत्येक संख्येसाठी थांबतो का, हा प्रश्न गणितात आजही खुला आहे. तेव्हा स्क्रिप्ट कुणीही लिहिलेली असो, ती का थांबेल याचं कारण कुणीतरी माणसानं समजून घेऊन तिच्याखाली सही करायला हवी. त्या माणसाला ते वाचताच येत नसेल तर सहीला अर्थ नाही.

मराठी माध्यमातल्या मुलांना हे झेपणार नाही, असा एक सूर या चर्चेत हळूच मिसळतो. त्याला उत्तर पवईतूनच मिळालेलं आहे. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी केंद्र सरकारच्या मदतीनं उभा केलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बॅश, पर्ल, पायथन, पीएचपी अशा अनेक विषयांचे दहा-दहा मिनिटांच्या आसपासचे पाठ विनामूल्य देतो. पडद्यावरचा कोड इंग्रजीतच राहतो, कारण नोकरीत तोच दिसणार आहे. समजावून सांगणारा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिला जातो. रीत अशी की एका बाजूला पाठ चालवायचा, थांबवायचा, आणि दुसऱ्या बाजूला तेच स्वतः टाइप करून चालवून पाहायचं. अटीच्या लूपसाठी यापेक्षा योग्य रीत नाही. तो फळ्यावर कळत नाही. तो चालवावा लागतो, अडकू द्यावा लागतो, कंट्रोल-सी मारून सोडवावा लागतो आणि का अडकला ते शोधावं लागतं. हे करायला इंग्रजी माध्यम लागत नाही. एक साधा संगणक, लिनक्स आणि घाई न करणारा शिक्षक लागतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. व्हाईल आणि अनटिल कोर्समध्ये ठेवा, आणि त्यांच्या नावावर खपवलेले पाढे तेवढे काढून टाका. त्या जागी कापरेकरांची कृती, फाइल वाचणं, मुदतीसह वाट पाहणं अशी खरोखर अटीवर चालणारी कामं द्या. तोंडी परीक्षेत प्रत्येक लूपबद्दल तीन प्रश्न विचारा: प्रत्येक फेरीत काय बदलतं, लूप संपल्यावर काय खरं असतं, आणि इनपुट वाईट आलं तर काय होतं. जर्नलमध्ये आउटपुटखाली आणखी एक ओळ लिहायला लावा, ‘हा लूप थांबतो, कारण...’, आणि मार्क त्या ओळीला द्या.

माझ्या सहकाऱ्यांना मी एवढंच सांगेन. तुम्ही धोका दाखवलात, तो खरा आहे. वाईट उदाहरणं दाखवलीत, तीही खरी आहेत. पण त्यावर तुम्ही सुचवलेला उपाय मुलांना न कळणाऱ्या गोष्टीपासून दूर ठेवतो, आणि ती गोष्ट त्यांना नोकरीच्या पहिल्या महिन्यातच गाठणार आहे. तेव्हा शेजारी शिक्षक नसेल. जे काम किती वेळ चालेल हे आधी सांगता येत नाही, ते कुठे थांबवायचं हे ठरवणं ही प्रोग्राम लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे. ती पेलायला शिकवण्यासाठी दोन तासिका जास्त लागत असतील, तर त्या द्यायलाच हव्यात.